किल्लारी-सास्तूर सायकलवर एका दिवसात: भूकंपानंतर वसलेली गावं नीट बघायची असतील तर

किल्लारीला जाणारे बरेच ग्रुप काय करतात, लातूरहून गाडीने येतात, स्मृतिस्तंभापाशी उतरतात, हात जोडतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात उमरग्याच्या रस्त्याला लागतात. हात जोडायलाच हवेत, पण एवढ्यात फक्त भूकंप बघून होतो आणि त्यानंतरची तीस वर्षं बघायची राहून जातात. म्हणून हा भाग सायकलवर करा असं मी भेटेल त्याला सांगतो. जुनं गावठाण आणि नवं गाव यांच्यातलं अंतर गाडीत बसून कळत नाही, ते पायांना कळावं लागतं, कारण शेत तिकडे, देव तिकडे आणि घर इकडे असं झालं की माणसाचा रोजचा दिवस कसा बदलतो ते त्या अंतरातच आहे.

आधी थोडी माहिती, ग्रुपमधल्या पोरापोरींना ही निघायच्या आधी सांगून ठेवा म्हणजे गावात जाऊन कोणी भलतंसलतं विचारणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. ६.२ तीव्रतेचा भूकंप, सरकारी आकडा ७,९२८ मृत्यू, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावं जागेवरून उठवून दुसरीकडे वसवली. आणि हा भाग त्या वेळी भूकंपाच्या नकाशावर झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला, झोन १ हा प्रकारच काढून टाकला आणि हा पट्टा झोन ३ मध्ये गेला.

कधी जायचं, तर नोव्हेंबर मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात नको, इथली काळी माती ओली झाली की टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी गच्च बसते की चाक फिरायचं थांबतं, काडी घेऊन खरवडत बसावं लागतं. एप्रिल-मेचं ऊन सायकलवर सोसायचं नाही. आणि खुद्द ३० सप्टेंबरला राइड अजिबात ठेवू नका. त्या दिवशी तिथे शासनाचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो आणि घरोघरी आपापल्या माणसांची आठवण असते, तेव्हा रंगीत जर्सी घालून पंधरा जणांनी गावात शिरणं बरं दिसत नाही.

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांनी रात्रीची लातूर एक्स्प्रेस धरावी, सायकली ब्रेक व्हॅनमध्ये बुक होतात पण त्यासाठी स्टेशनवर लवकर जायला लागतं. लातूर ते किल्लारी औसा-लामजनामार्गे साधारण ४५ किलोमीटर, हे अंतर टेम्पोनेच करा. कारण एक तर तो मोठा वाहता रस्ता, आणि दुसरं म्हणजे तिथेच दमलात तर गावात पोचल्यावर कोणाचं बोलणं ऐकायची ताकद राहत नाही, आणि या ट्रिपमध्ये ऐकणं जास्त आहे. प्रत्यक्ष सायकलिंग ३५ ते ४५ किलोमीटरचं ठेवा, एवढ्यात किल्लारी, तेरणा नदीपलीकडचं सास्तूर आणि माकणीचं धरण येतं. होळी, राजेगाव, नांदुर्गा, गुबाळ यातलं एखादं गाव जोडता येतं, सगळी जोडायचा हट्ट करू नका. रस्ता पठारी आहे, चढ किरकोळ, साध्या बिनगिअरच्या सायकलवरही होतो.

सायकलीबाबत दोनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे बाभळीचे काटे. जुन्या गावठाणांवर वेडी बाभूळ माजलेली असते, बांधावरही काटे पडलेले असतात, त्यामुळे माणशी दोन जादा ट्यूब, पॅच आणि पंप पाहिजेच. सायकल गावठाणात घेऊन जाऊ नका, डांबरीवर लावा आणि आत चालत जा. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोटं फिरवून काटा खरंच निघाला का बघा, नाहीतर पुढच्या किलोमीटरला परत तेच. दुसरी म्हणजे उसाचे ट्रॅक्टर. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या असतात, मागची ट्रॉली झुलत येते, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि कित्येकांना मागचा दिवा नसतो. ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूने घुसायचं नाही म्हणजे नाही, थांबा, पुढे जाऊ द्या.

आता मुख्य विषय, वाटाड्या. हा माणूस गावातलाच पाहिजे, आणि जमलं तर असा की जो भूकंपाच्या वेळी शाळकरी होता, म्हणजे आज चाळिशी-पंचेचाळिशीचा. अशा माणसाला जुनं गाव आठवतं, त्याचं सगळं तारुण्य नव्या गावात गेलेलं असतं, त्यामुळे त्याला दोन्हीकडचं बोलता येतं. ग्रामपंचायत, शाळेतले सर, बचत गटाच्या ताई, यांच्यापैकी कोणाला तरी आठ-दहा दिवस आधी फोन करा, समोरासमोर भेटून आलात तर अजून चांगलं. पैसे किती द्यायचे ते आधीच ठरवून मोकळं व्हा आणि पूर्ण दिवसाची मजुरी बुडते हे लक्षात ठेवून द्या, शेवटी चहापाण्याला म्हणून काहीतरी खिशात कोंबणं वाईट. वाटाड्या सायकलवर असला तर उत्तम, मोटारसायकलवर असला तरी चालेल पण मग त्याला सांगा की पुढे पळू नका मामा, आमच्या वेगाने चला. ग्रुप आठ-दहाचा ठेवा, त्यापेक्षा जास्त झाले की मागच्यांना ऐकू जात नाही आणि ते आपसात गप्पा सुरू करतात.

काय विचारायचं यावर मी फार आग्रही आहे. तुमच्या घरातले किती गेले, हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. सांगायचं असेल तर माणूस आपणहून सांगतो, तेव्हा मोबाईल खिशात ठेवून ऐकायचं. विचारायचंच असेल तर घराबद्दल विचारा. जुनं घर किती खणांचं होतं, जनावरं कुठे बांधायचात, नव्या घरात पहिल्यांदा कधी झोपलात, ही खोली नंतर कोणी वाढवली. घराबद्दल विचारलं की माणसं तासभर बोलतात आणि सगळी हकीकत त्यातूनच येते.

सकाळी पहिल्यांदा जुनी किल्लारी. स्मृतिस्तंभापाशी हेल्मेट काढा, स्पीकर बंद, सेल्फी नको, ड्रोन तर नकोच नको. मग वाटाड्याबरोबर जुन्या गावठाणाच्या कडेने चाला. पायवाट सोडू नका, गवतात उघडे आड असू शकतात, सापकिरडूही असतं, बूट घालूनच जा. काही जमिनीत आता पीक असतं तिथे विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. जोत्यांचे दगड दिसले की थांबा आणि दगडांकडेच बघा. माणसं का गेली ते तिथे कळतं. इथल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाड, बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडगोटे आणि माती, दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडी फळ्यांवर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात गारवा देणारा पण टनावारी वजनाचा. हादरा बसला, भिंतीचे दोन्ही थर फाकले, माती खाली आली आणि झोपेतली माणसं दगडामातीखाली गुदमरली. कित्येक ठिकाणी आतले लाकडी खांब-तुळया उभ्याच राहिल्या आणि भिंती तेवढ्या पडल्या, हे तेव्हा पाहणी करणाऱ्या इंजिनिअर लोकांनी नोंदवलेलं आहे. म्हणजे मारलं ते भूकंपापेक्षा बांधणीने, आणि हे कळलं की पुढचा अख्खा दिवस तुम्ही प्रत्येक घराची भिंत वेगळ्या नजरेने बघता.

तिथून निघताना सायकलचा ट्रिप मीटर शून्य करा. कोणाकडे मीटर नसेल तर मोबाईलवर लावा. मग न बोलता नव्या गावापर्यंत जा आणि आकडा बघा. हा आकडा प्रत्येक गावाचा वेगळा असतो, दुसऱ्या गावातही हेच करा. आता कल्पना करा की रान जुन्या गावाजवळच राहिलंय आणि रोज डोक्यावर कडबा घेऊन किंवा म्हशी हाकत एवढं यायचं-जायचंय.

नवं गाव बघायची एक पद्धत आहे, मेन रोडवर उभं राहून बघू नका, गल्ल्यांमधून सायकल हातात धरून चाला. रस्ते सरळ, रुंद, काटकोनात, सगळी घरं एका मापाची. मापं ठरली होती ती जमिनीवरून: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, त्याच्या वर सात हेक्टरपर्यंत ४००, आणि त्याहून जास्त जमीन असेल त्याला ७५०. त्यामुळे आजही घराच्या साइजवरून १९९३ मध्ये कोणाकडे किती रान होतं ते कळतं, आणि हे मला या गावांमधलं सगळ्यात बोचणारं वाटतं. जुन्या गावात गल्ली अरुंद होती, भावकी भिंतीला भिंत लावून राहायची, ओट्यावरून ओट्यावर बोलणं व्हायचं, नव्या गावात शेजारी कोण ते नंबरावरून ठरलेलं आणि मध्ये मोठा रस्ता. मग लोकांनी काय केलं ते शोधा, खरी मजा त्यात आहे. सरकारी घराला पुढे पत्र्याचं शेड, बाजूला जनावरांचा कोठा, मागे चूल, कोणी ओटा बांधून घेतला, कोणी कंपाऊंडला वाड्यासारखं मोठं दार बसवलं. बांधून दिलेलं घर आणि राहणाऱ्याने केलेलं घर यातली रेघ बोटाने दाखवता येते, वाटाड्याला सांगा की आप्पा, यातलं मूळ कुठलं आणि तुम्ही वाढवलेलं कुठलं ते दाखवा. मला विचाराल तर पुनर्वसन म्हणतात ते त्या रेघेच्या अलीकडे सुरू झालं, आणि ते गावकऱ्यांनी केलं.

वेळ असेल तर औसा तालुक्यातलं गुबाळ बघा, तिथे घुमटाच्या आकाराची घरं बांधून दिली होती. गोल भिंतीला कपाट लागत नाही, खोली वाढवायची तर जोडायची कुठे, अशा साध्या अडचणी तिथे उभं राहिल्यावर लगेच डोक्यात येतात. बाहेरून पैसा घेऊन येणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या माणसाने हे गाव बघावं असं मला मनापासून वाटतं. संस्था आणि कंपन्यांनी गावं दत्तक घेतली होती, त्यामुळे गावागणिक घरांचा नमुना बदलतो. बाणेगाव हे मल्याळम वर्तमानपत्र मल्याळा मनोरमाने बांधून दिलं, केरळमधल्या वाचकांनी दिलेल्या पैशातून औसा तालुक्यात एक गाव उभं राहिलं.

दुपारचं जेवण सास्तूरला किंवा तिकडच्या एखाद्या गावात बचत गटाकडे सांगून ठेवा, भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. जेवताना बायकांशी बोला आणि दुरुस्तीच्या कार्यक्रमाबद्दल विचारा, कारण ५२ गावं उठवली तेवढीच गोष्ट नाही. जागा न बदलता जी घरं दुरुस्त आणि मजबूत केली ती दोन लाखांच्या घरात होती, जागतिक बँकेच्या कर्जातून, आणि यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं होतं. पैसे कशाचे मिळतात, गवंडी काय वापरतोय, लिंटेलवर, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीला, काँक्रीटचा पट्टा टाकला का, भिंतीत आरपार दगड घातला का, हे त्या बघायच्या. घरातून बाहेर न पडलेल्या बाया इंजिनिअरला प्रश्न विचारायला लागल्या, पुढे २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा इकडच्या बायका तिकडच्या बायकांना भेटून अनुभव सांगायला गेल्या. ज्या गावात अशी दुरुस्त केलेली दगडी घरं असतील तिथे कोपऱ्यातल्या खांबाला मारलेले तिरपे आधार आणि कमी केलेला माळवदाचा थर बघायला विसरू नका.

शेवटचा टप्पा माकणीचं निम्न तेरणा धरण. भूकंपानंतर धरणाच्या पाण्यानेच हा झाला का यावर खूप वाद झाला आणि शास्त्रज्ञांचं त्यावर एकमत नाही, त्यामुळे ग्रुपमध्ये कोणी ठासून सांगायला लागलं तर थांबवा. किल्लारीजवळ नंतर ६१७ मीटर खोल बोअर घेतलं, त्यात वरचा ३३८ मीटर काळा पाषाण, खाली थोडासा गाळाचा थर आणि त्याच्या खाली ग्रॅनाइट-नाइस नावाचा जुना कठीण खडक लागला, ही गोष्ट धरणाच्या भिंतीपाशी बसून सांगायला चांगली आहे. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच किल्लारीला लहान धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते, मग धक्के कमी झाले आणि हळूहळू परत आत झोपायला लागले, हेही इथेच सांगा.

परतीला साडेतीनच्या आत निघा, हिवाळ्यात सहाला अंधारतं आणि तेव्हाच ट्रॅक्टर जास्त असतात. मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर दिवसापासूनच लावून ठेवा. टेम्पोत सायकली चढवायच्या आधी वाटाड्याचे पैसे सगळ्यांसमोर मोजून द्या, आणि कुठले फोटो टाकणार ते त्यांना मोबाईलवर दाखवून विचारा. एखाद्या घराचा, एखाद्या म्हातारीचा फोटो नको म्हणाले तर तिथेच डिलीट करा. ज्यांच्या घरात बसून बोललात त्यांचे फोटो मात्र प्रिंट काढून पोस्टाने पाठवा, व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नका. जुनं गाव पडलं तेव्हा कित्येकांच्या घरातला एकूण एक फोटो मातीत गेलाय.