मुलाचं वय ओळखा: जन्मापासून दहाव्या वर्षापर्यंत या चुका टाळा

जून महिन्यात बालवाडीच्या दारात हे रोज दिसतं. आई मुलाला आत सोडते, ते ठोकळ्यांकडे वळलं की हळूच चप्पल घालून सटकते. दोन मिनिटांनी मूल मान वळवतं, दारात कुणी नसतं, आणि मग ते भोकाड पसरतं. दुसऱ्या दिवशी तेच मूल ठोकळ्यांकडे ढुंकूनही बघत नाही. आईची ओढणी दोन्ही मुठींत घट्ट. आई कानकोंडी होऊन म्हणते, "ताई, हा फारच चिकट आहे हो."

चिकट काही नाही. आईवरची नजर काढली की आई जाते, हे तो काल शिकला आणि आज त्याप्रमाणे वागतोय.

बालवाडीत बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. वयामुळे मूल जे करतं, त्याला आपण स्वभाव म्हणतो. चिकट, हट्टी, खोटारडा, आळशी. एकदा असं नाव पडलं की घरातले सगळे त्याच नावानं त्या मुलाकडे बघू लागतात. आणि जिथे खरंच थांबून बघायला हवं, तिथे मात्र "होईल हळूहळू" म्हणून आपण वर्ष घालवतो.

"उचलू नका, हाताची सवय लागेल"

बाळंतिणीला हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकावं लागतं. दोन-तीन महिन्यांचं बाळ रडतं ते भुकेनं, ओल्या दुपट्यानं, पोटात दुखल्यानं किंवा नुसतं जवळ घ्यावं म्हणून. रडून आईला नमवायचा बेत करण्याइतकी समज त्या वयात नसते. मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमधल्या २६ आई-बाळांच्या घरी जाऊन पहिलं वर्षभर नोंदी केल्या. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लगेच प्रतिसाद मिळाला, ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती, असं त्यांनी १९७२ मध्ये मांडलं. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. पण बाळाला मुद्दाम रडत ठेवून त्याला 'वळण' लागतं, ही समजूत सोडून द्या.

आई स्वतः थकून गेली असेल, चिडचिड अनावर होत असेल, तर बाळाला सुरक्षित जागी निजवून पाच मिनिटं बाजूला होणं यात काही चूक नाही. मात्र बाळाला रागानं गदागदा हलवणं त्याच्या मेंदूसाठी जिवावरचं असतं. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

न सांगता निघून जाणं

सात-आठ महिन्यांपर्यंत कुणाच्याही कडेवर जाणारं बाळ एकदम बदलतं. गावाहून आजी येते, हात पुढे करते आणि बाळ आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडतं. आजी दुखावते. आईला वाटतं, आपणच याला माणूसघाणं केलं.

खरं तर ही प्रगती आहे. स्वित्झर्लंडच्या जीन पियाजे यांनी स्वतःच्या मुलांकडे बारकाईनं बघून लिहून ठेवलं, की साधारण आठ महिन्यांचं होण्याआधी खेळणं फडक्याखाली लपवलं तर बाळ ते शोधत नाही, नंतर मात्र फडकं ओढून काढतं. नजरेआड झालेली वस्तू कुठेतरी आहेच, ही जाणीव त्याच्या हाताच्या कृतीतून दिसू लागते. (पुढे रने बायारजाँ यांच्या प्रयोगांतून दिसलं, की बाळांच्या नजरेत ही समज त्याच्या कितीतरी आधी उमटते.) 'कुक्क' या वयात इतकं आवडतं ते याचमुळे. आणि आई नजरेआड गेली की रडू येतं तेही याचमुळे: आई कुठेतरी आहे, पण माझ्याजवळ नाही, एवढं आता कळतं. हे रडणं वर्ष-दीड वर्षाच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, मग उतरतं.

म्हणून सांगून निघा. "मी जाते, तुझा खाऊ खाऊन झाला की येते." 'एक वाजता' हे त्याला कळत नाही, 'खाऊनंतर' कळतं. निरोप छोटा ठेवा, दारातून तीनदा परत फिरू नका. आणि खाऊनंतर म्हणाल तर खाऊनंतरच या. तो रडेल. पण ताईच्या कडेवर रडणं आणि फसवणूक झाल्यावर रडणं यांत फार फरक आहे. आजीला सांगा, लगेच उचलू नका, शेजारी बसून वाटी-चमच्यानं खेळत राहा. थोड्या वेळानं बाळच सरकत येईल.

दोन वर्षांच्या मुलाला समजावत बसणं

दुकानात अंग टाकून दिलेल्या मुलाला त्या क्षणी कारणं सांगून उपयोग नसतो. जवळ बसा, लागणार नाही एवढं बघा, शांत झाल्यावर बोला. एरवी "आंघोळ करायची का?" असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येणारच. "लाल टॉवेल घेऊ की निळा?" असं विचारून बघा. 'स्वार्थी' हा शब्दही या वयाला लावू नका. दोन वर्षांची मुलं मांडीला मांडी लावून आपापलं खेळतात. 'माझं' हे नुकतंच कळलेलं असताना ते दुसऱ्याला देणं फार अवघड असतं.

चार वर्षांच्या मुलाला खोटारडं ठरवणं

हनुवटीला लाडवाचा चुरा, बोटं तुपकट, आणि चेहरा अगदी सरळ ठेवून: "मी नाही खाल्ला." घरात हसावं की रागवावं कळत नाही, आणि मग कुणीतरी रागावतंच.

हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्टीतला मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं नव्या कपाटाकडे बोट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे आहे हे त्यांना स्वतःला माहीत असतं. साधारण चार-पाचच्या पुढे मुलं सांगू लागतात, की तो जुन्याच कपाटात शोधेल, त्याला कुठे माहितीये? दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हा फार मोठा शोध आहे. आणि तो लागल्यावर मूल वापरून बघणारच: मी लाडू खाल्ला हे आईला माहीत नसेल, तर तिला वेगळं सांगता येईल.

म्हणजे खोटं चालवून घ्यायचं असं नाही. पण उत्तर समोर दिसत असताना "तू खाल्लास का?" असं दरडावून विचारणं म्हणजे आपणच खोटं बोलायला जागा करून देणं. त्यापेक्षा म्हणा, "लाडू खाल्लेला दिसतोय. चल, तोंड धुऊ. पुढच्या वेळी माग, मी देईन." खरं सांगितल्यावर दर वेळी मार बसत असेल, तर मूल अधिक सफाईनं खोटं बोलायला शिकतं.

तिसऱ्या वर्षी पाटी गिरवायला लावणं

मूल साधारण तिसऱ्या वर्षी बघून गोल काढतं, चौथ्याच्या आसपास अधिकची खूण, त्यानंतर चौकोन, पाचव्याच्या सुमारास त्रिकोण. आता 'क' बघा. मधला दंड, एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला वळलेली शेपटी. ज्याला अजून चौकोनाचे कोपरे जमत नाहीत, त्याच्या हातून आपण हे पानभर करून घेतो, आणि नाही झालं की त्याला आळशी म्हणतो.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं, अनुताई वाघ त्यात आल्या आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पानं, बिया, शंख-शिंपले, माती हेच तिथलं साहित्य होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही ३ ते ८ हे वय खेळातून शिकण्याचं मानलंय आणि पहिलीसाठी सहा वर्षं धरलीत. तरी पालक विचारतात, "अजून लिहायला नाही?" कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, मणी ओवू द्या. अक्षरासाठी लागणारी बोटं तिथेच तयार होतात. अक्षरं उलटी पडणंही सहा-सात वर्षांपर्यंत अनेक मुलांत दिसतं.

"किती हुशार आहेस!" आणि "तिला बघ जरा!"

पाच वर्षांच्या मुलाला विचारा, वर्गात सगळ्यात जोरात कोण पळतं? बहुतेक जण "मी" म्हणतात. सात-आठच्या सुमारास हे बदलतं. मूल स्वतःला इतरांशी ताडून बघू लागतं, कोण पुढे कोण मागे हे त्याला न सांगता कळतं. त्यावर आपण शेजारच्या मुलीचं उदाहरण दिलं, की आधीच दुखऱ्या जागी बोट ठेवल्यासारखं होतं.

कौतुकातली चूक मात्र मला उशिरा कळली. माझी मुलगी तिसरीत असेपर्यंत मी तिला "तू हुशारच आहेस" म्हणत आले. मग तिनं अवघड गणितं कोरी सोडायला सुरुवात केली. एका संध्याकाळी म्हणाली, "चुकलं तर तुला वाटेल मी हुशार नाही." क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: बुद्धीचं कौतुक झालेली पाचवीतली मुलं अपयशानंतर लवकर नेट सोडत होती, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहत होती. तेव्हापासून मी तिला विचारू लागले, "हे कसं सोडवलंस, सांग ना." ती सांगते, मध्येच स्वतःची चूक पकडते, खोडते, पुन्हा लिहिते.

"त्याचे बाबाही उशिराच बोलले होते"

आता उलटी चूक. काही गोष्टी वयावर सोडून चालत नाही. मोठ्या आवाजानं दचकत नाही, वर्षाचं झालं तरी 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड नाही की बोट दाखवणं नाही, हाक मारली तरी वळत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडले नाहीत, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात गेले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि आधी कान तपासून घ्या. घरात मराठी आणि बाहेर हिंदी किंवा इंग्रजी, म्हणून बोलणं रखडलं, असं धरून बसू नका. दोन भाषांमुळे असा उशीर होत नाही. सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई पुढचा रस्ता सांगतील.

जाण्याआधी आठवडाभर एका वहीत मुलाचे शब्द लिहून ठेवा, मोबाइलवर खेळतानाचा एखादा व्हिडिओ घ्या, कारण दवाखान्यात मुलं गप्प होतात. आणि मोजताना 'भू', 'मम', 'काऊ' हेही शब्दच धरा.