गावाच्या पाणी योजनेसाठी लोकसहभागाचा सल्लागार नेमताय? या चुका टाळा

नळ योजना गावाला झेपेल का, हे तपासताना इंजिनिअर उद्भव विहिरीचं, म्हणजे योजना जिथून पाणी उचलणार त्या विहिरीचं, पाणी मोजतो, चढउतार काढतो, पाइपलाइनची लांबी धरतो. पण चैत्रात कोणती विहीर तळ दाखवते, टाकीला जागा देतो म्हणणाऱ्याचे भाऊ सही करतील का आणि पाणीपट्टी दोन वर्षांनंतरही भरली जाईल का, हे त्याच्या मोजमापात येत नाही. ते लोकांशी बोलूनच कळतं. त्यासाठी वेगळा सल्लागार नेमणं योग्यच आहे. नेमताना मात्र त्याच त्या चुका होतात.

टाकीची जागा ठरल्यावर बोलावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आराखडा तयार असतो, फक्त ग्रामसभेचा ठराव हवा असतो, मग सल्लागाराला 'जनजागृती' करायला सांगतात. गावाला हे लगेच कळतं. लोक मान डोलावतात, सह्या करतात आणि खोदाई सुरू झाली की आडवे येतात. सल्लागार सर्वेक्षणाच्या आधी यायला हवा. 'लोकांनी नाही म्हटलं तर जागा किंवा उद्भव बदलता येईल' हे वाक्य त्याच्या कार्यकक्षेत लिहा. ते लिहायला कुणी कचरत असेल तर नेमणूकच थांबवा.

गाव घरी नसताना गावाला विचारणं

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागात दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. निधीचं वर्ष मात्र 31 मार्चला संपतं, म्हणून चर्चा नेमक्या डिसेंबर-जानेवारीत लागतात.

अशाच एका तांड्यावर मी जानेवारीत गेले होते. दहातल्या सहा दारांना कुलूप. एका ओट्यावर आजी दोन नातवंडांना भाकरी कुस्करून देत होत्या. प्रश्नावली पुढे केली तर म्हणाल्या, "पोरगं आल्यावर इचारा, बाई. पानी आमची सून आनती." त्या दिवशीच्या अहवालात तांड्याची उपस्थिती 'समाधानकारक' लिहिली गेली. मला ते आजही सलतं, कारण लांबून पाणी आणणारी ती सूनच त्या अभ्यासात नव्हती. वेळापत्रकात निदान एक फेरी टोळ्या परतल्यानंतरची ठेवा आणि तशी तारीख वर्क ऑर्डरमध्येच घाला.

बैठकांच्या संख्येवर पैसे देणं

सर्वात कमी दराचं कोटेशन घ्यायचं आणि हप्ते 'बैठका 10, फोटो 40' असे बांधायचे. मग बैठका दहाच होतात आणि फोटो चाळीसच येतात. हप्ता कामाला बांधा: वस्तीनिहाय हरकतींची यादी, प्रत्येक हरकतीवर इंजिनिअरचं लेखी उत्तर आणि त्यातून आराखड्यात काय बदललं याची नोंद. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या केंद्राच्या जलजीवन मिशन योजनेचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे आणि त्यात गुरांचं पाणी धरलेलं नाही. शेळ्या-म्हशींवर जगणाऱ्या वस्तीत हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो. तो यादीत दिसत नसेल तर बैठक नीट झालेली नाही, असं खुशाल समजा.

मुलाखत एकाची, गावात येणार दुसरेच

सादरीकरणाला अनुभवी बाई येतात, गावात मात्र महिन्याभरापूर्वी कामाला लागलेली दोन मुलं फॉर्म घेऊन फिरतात. प्रत्यक्ष कोण येणार, किती दिवस राहणार, त्यांना तिथली बोली कळते का, हे विचारा आणि नावं करारात घाला. बांधकामाचा ठेका घेऊ पाहणाऱ्याशी सल्लागाराचा काही संबंध नाही, हेही लेखी घ्या.

काम आधीच बिघडलं असेल तर

बायका येत नसतील तर आधी वेळ आणि जागा बदला. सकाळी अकराला चावडीवर कोण येणार? संध्याकाळी स्वयंपाकाआधी, वस्तीतल्याच एखाद्या अंगणात बसा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे, तिचा उपयोग करा. फक्त रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेऊ नका.

बैठकीत दोघे-तिघेच बोलत असतील तर रांगोळीने जमिनीवर गावाचा नकाशा काढायला सांगा. 'इथं नळाला पाणी चढत नाही' असं बोट ठेवून दाखवताना गप्प माणसंही बोलती होतात.

भरलेले फॉर्म एकाच छापाचे दिसले तर कोणतीही दहा घरं निवडून स्वतः जाऊन विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर सर्वेक्षण पुन्हा करून घ्या आणि तोवर हप्ता रोखा.

टाकीची जागा तोंडी कबूल झाली असेल तर सातबारा काढा आणि त्यावरच्या प्रत्येक नावाला भेटा. बक्षीसपत्र, म्हणजे जागा विनामोबदला दिल्याचा दस्त, नोंदवल्याशिवाय ती जागा आराखड्यात धरू नका.

शेवटचा हप्ता अहवाल गावात मोठ्याने वाचून दाखवल्यावरच द्या, तोही चावडीवर एकदा आणि तांड्यावर एकदा. 'सर्वानुमते' हा शब्द आला की वाचन थांबवून विचारा, त्या दिवशी तुमच्यापैकी कोण कोण होतं?