बामणोलीहून वासोटा: घाई न करता रान कसं बघायचं

कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्यावर येणारे बरेचजण पहाटे पुण्याहून निघतात, नऊच्या सुमारास बामणोलीत लाँचमध्ये बसतात, धापा टाकत गड चढतात, कड्यावर फोटो काढतात आणि दिवस मावळायच्या आत परतीच्या गाडीत असतात. पायाचे तुकडे पडतात आणि रान बघायचं राहूनच जातं. मला विचाराल तर दोन दिवस काढून या आणि एक मुक्काम गावात करा. मी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला राहते, घरी पाहुणे उतरवते आणि जमेल तेव्हा त्यांच्याबरोबर रानातही जाते. आदल्या रात्री पंगतीत पाहुण्यांना जे सांगते, तेच इथे लिहितेय.

आधी कधी यायचं ते ठरवा. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, कोयना अभयारण्य पर्यटकांना बंद असतं. ते उघडलं की फेब्रुवारीपर्यंत चालायला उत्तम. ओढ्यांना पाणी असतं, ऊन सोसवतं. एप्रिल-मे मध्ये घाम निघतो, पण जनावर बघायची खरी आस असेल तर हेच दिवस धरा. धरणाचं पाणी खाली उतरतं, काठाला कोवळं गवत येतं आणि सकाळ-संध्याकाळ गवे, सांबरं तिथे चरायला उतरतात. पाऊस संपता संपता यायचं असेल तर वासोट्याचा नाद सोडा आणि कासचं फुलांचं पठार बघा.

साताऱ्याहून बामणोली सुमारे ३५ किलोमीटर. रस्ता कासवरूनच येतो, एसटीही येते. फुलांच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, कासला शनिवार-रविवार टाळा आणि ऑनलाइन नोंदणी करून या. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली. त्यांत कास आहे, कोयना आणि चांदोलीची रानंही आहेत. तेव्हापासून गर्दी फार वाढली. आखलेली पायवाट सोडू नका. सड्यावर, म्हणजे या खडकाळ पठारावर, जांभ्या दगडावर मातीचा नुसता पातळ थर असतो, त्यात एक पाऊल पडलं की पुढच्या वर्षीचं बी दबून जातं. लांबवर पसरलेला तेरड्याचा जांभळा गालिचा सगळेच बघतात. तुम्ही मात्र पायवाटेवरच उकिडवे बसा आणि हातभर अंतरावरच्या ओल्या मातीत नजर रोखा. तिथे दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोप सापडेल. नखाएवढी पानं, त्यांवर तांबडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा चिकट थेंब. थेंब बघून चिलट येतं, अडकतं, आणि पान हळूहळू त्याच्यावर मिटत जातं. या मातीत कस नाही, नत्र नाही, म्हणून झाडानं किड्यांवर पोट भरायची सोय केली आहे. शेजारी सीतेची आसवं नावाची निळी-जांभळी फुलं असतात. तीही तसलीच, फक्त त्यांचे सापळे मातीखाली असतात. हे एवढं दिसलं तरी कासचे पैसे फिटले असं मी समजते. वायतुरा दिसला तर पाणथळ जागेत उतरू नका, ते दुर्मीळ रोप सह्याद्रीतल्या अशा सड्यांवरच येतं.

आता वासोट्याकडे. बामणोलीत वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, त्यासाठी प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवा. लाँच बोट क्लबकडून ठरवायची. पूर्ण लाँचचं भाडं असतं, त्यामुळे माणसं कमी असतील तर दुसऱ्या गटाशी बोलून घ्या, आमच्याकडे हे सर्रास चालतं. शेंबडी आणि मुनावळ्याहूनही लाँच सुटतात. पोचायला सुमारे दीड तास लागतो, म्हणून सकाळची पहिली लाँच धरा. सोबत रोख पैसे असू द्या, पलीकडे मोबाइलला रेंज मिळत नाही. उतरल्यावर प्लास्टिकच्या बाटल्या, पुडे मोजून नोंदवतात. त्यावर कटकट करू नका, उलट घरूनच स्टीलची बाटली आणा आणि डबा कापडात बांधून आणा. गडावर मुक्कामाला मनाई आहे. संध्याकाळी पाचच्या आत लाँचशी परत यायचं, हे मनाशी पक्कं करूनच निघा.

लाँचमध्ये गाणी लावू नका. लाँचवाल्या मामांशी बोला. ज्या पाण्यावरून तुम्ही चाललात त्याखाली आमची भाताची खाचरं आहेत. कोयनेचं धरण झालं आणि या खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. उरलेल्या रानाचं १९८५ मध्ये अभयारण्य झालं, तेव्हा आणखी काही उठली. जिथे लाँच लागते ती मेट इंदवलीही गावच होती. आता तिथे जोती आणि माणसाने लावलेली झाडं तेवढी दिसतात. त्या जोत्यांवर बसून डबा खा, पण दगड हलवू नका.

चढ सुरू झाला की पंधरा मिनिटांत सदाहरित रान लागतं. समुद्रावरून आलेलं वारं कोकणातून उभ्या कड्यांवर चढतं आणि सगळा पाऊस इथेच घाटमाथ्यावर टाकतं. म्हणून आमच्याकडे अंजनी, पिसा, हिरडा, जांभूळ असं भर दुपारी अंधारून आणणारं रान, आणि याच जिल्ह्यात माण-खटावला पिण्याच्या पाण्याची वानवा.

या रानात डोळ्यांच्या आधी कान चालवायचे. शंभर पावलं चाला आणि थांबा. थांबायचं म्हणजे बाटलीचं झाकणसुद्धा उघडायचं नाही. दोन-तीन मिनिटांत रान तुम्हाला विसरतं. वरून खळखळ खळखळ असा चिडका आवाज आला तर तो शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार. मान लगेच वर करू नका, आधी फांदी कुठे हलते ते बघा. लालसर पाठ, पिवळट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. त्याचं घरटं म्हणजे पानं-काटक्यांचा मोठा गोळा, बारीक शेंड्यांवर, जिथे दोन झाडांचे शेंडे मिळतात तिथे. एकाच शेकराची अशी चार-पाच घरटी असतात, त्यामुळे रिकामा गोळा दिसला म्हणून निराश होऊ नका. ते जमिनीवर फारसं उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर वीसेक फुटांची उडी घेतं. शेंडे जुळलेले राहिले तरच शेकरू राहतं, म्हणून वाट रुंद करण्यासाठी एक फांदीही तोडलेली मला खपत नाही.

कुत्र्यासारखं भुंकणं आलं तर ते बहुधा भेकर, म्हणजे छोटं हरीण असतं. एकाच जागेवरून परत परत भुंकत असेल तर त्याला काहीतरी दिसलंय. हलू नका. वाटेवर खाली बघत चला. बिबट्याची विष्ठा वाटेच्या मधोमध पडलेली असते, सुकली की तिच्यात केस दिसतात. अस्वलाच्या विष्ठेत उन्हाळ्यात जांभळाच्या आणि करवंदाच्या बिया खचाखच भरलेल्या असतात. मोहोळाच्या झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे बघा, मधासाठी अस्वल किती उंच चढलं ते कळतं.

जपायचंही सांगते. गवा वाटेत उभा असेल तर त्याला हाकलायचं नाही. जागेवर थांबा, सावकाश मागे सरका, त्याला जायला वाट द्या. कारवीच्या दाट झुडपांतून जाताना मात्र हलक्या आवाजात बोला, काठी आपटत चला. अस्वल एकदम समोरासमोर आलं तर घाबरून अंगावर येतं, आधी चाहूल लागली तर ते स्वतःच बाजूला होतं. सगळ्यात मोठा धोका आग्या मोहोळाचा. कड्यांना त्याची पोळी लटकलेली असतात. अत्तर, सेंट, विडी-सिगारेट, शेकोटी, ढोल यातलं काही नको. कपडे मळखाऊ रंगाचे घाला. ड्रोन आणू नका आणि मोबाइलवर पाखरांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. विणीच्या दिवसांत ती बिचारी पोरं सोडून भांडायला येतात.

गड ११७१ मीटर उंच आहे. वर मारुती, महादेवाचं मंदिर आणि पाण्याचं टाकं आहे. बाबूकड्याकडे जा, पण कठड्याची अपेक्षा धरू नका, टोकापासून चार हात मागेच बसा. समोर सरळ कोकण उतरत जातं. दुपारी कड्याला लागून वारं वर चढतं आणि त्यावर सर्पगरूड पंख न हलवता तरंगतो. तुम्ही वर असल्यामुळे त्याची पाठ दिसते, असा योग इतर ठिकाणी क्वचित येतो. अर्धा तास तरी तिथे काढा.

पाहुणे पहिल्याच रात्री विचारतात, वाघ दिसेल का? कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०२३ मध्ये इथे कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला आणि आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. पण वाघ बघायला इथे येऊ नका. हे ताडोब्यासारखं उघडं रान नाही. इथे वाघ असला तरी दहा हातांवर दिसायचा नाही. त्याला भरपूर सांबर-भेकर आणि शांतता मिळावी एवढंच आपल्या हातात आहे.

पैशांचंही स्पष्टच बोलते. वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. जेवण गावात सांगा: नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, झुणका, मिळाले तर जलाशयातले मासे. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते कळवा, बायकांना ऐनवेळी चूल पेटवायला लावू नका. मध घ्यायचा तर कुठल्या गावचा आणि कोणी काढला ते विचारूनच घ्या. इथल्या पोराला वाटाड्या म्हणून चार पैसे मिळाले तर तो मुंबईला हॉटेलात कामाला जात नाही, रानात फास लावणाऱ्यांवरही त्याचाच डोळा राहतो. तुमच्या बुकिंगचे सगळे पैसे साताऱ्या-पुण्याच्या टूरवाल्याकडेच गेले तर यातलं काही होत नाही. म्हणून बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा: वाटाड्या, लाँच आणि जेवण, यातलं गावाला काय मिळतं? नीट उत्तर आलं नाही तर सरळ बामणोलीत या आणि बोट क्लबपाशी चौकशी करा, मुक्कामाची सोय होते.