हा मजकूर कोणी लिहून पाठवला?

पत्रकारितेची पदविका घेऊन जिल्ह्याच्या आवृत्तीत रुजू होणाऱ्यांना पाकिटाची, म्हणजे बातमीसाठी हातात ठेवल्या जाणाऱ्या पैशांची, फार धास्ती असते. पत्रकार परिषदेनंतर कुणी पाकीट पुढे केलं तर? घ्यायचं नाही, विषय संपला. खरी कसोटी लागते ती संध्याकाळी, पान सोडायची घाई असताना मेलवर तयार मजकूर येऊन पडतो तेव्हा. शुद्धलेखन नीट, फोटो झकास, मथळासुद्धा दिलेला. वर ‘प्रतिनिधी’ तेवढं टाकायचं, की तो आपल्याच वार्ताहराने लिहिल्यासारखा दिसतो.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत मी अशाच एका डेस्कवर होते. उमेदवारांची ‘पॅकेजं’ ठरायची: प्रचारफेरीचे इतके, मुलाखतीचे तितके. ज्याने पैसे मोजले नाहीत तो पानावर दिसायचाच नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि चहाच्या टपरीपलीकडे कुणी बोलत नव्हतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त ते मांडलं. त्यांची पद्धत नवख्यांनी मुद्दाम अभ्यासावी, कारण तिला आतली बातमी देणारा कुणी खास माणूस लागत नाही. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा कौतुकाचा मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा आला होता. दुसरीकडे, त्यांच्या निवडणूक हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. कात्रणं आणि हिशेब शेजारी ठेवले की वाचकाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

पुढचंही लक्षात ठेवा. चव्हाणांनी आरोप नाकारले. निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. उलट उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव बातमीसारख्या दिसणाऱ्या जाहिरातींचा खर्च न दाखवल्याबद्दल २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या. म्हणून बातमीत ‘पैसे दिले’ असं लिहू नका. काय छापून आलं आणि हिशेबात काय आहे, एवढंच लिहा.

हा हिशेब मिळवणं अवघड नाही. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराने तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, आणि नियमाप्रमाणे एक रुपया शुल्क भरून तो कुणालाही पाहता येतो. मी गेले तेव्हा तिथल्या कारकुनाला माझं काम समजावून सांगण्यातच निम्मा वेळ गेला. पत्रकार तिकडे फारसे फिरकतच नसावेत.

निवडणूक नसताना काम जास्त अवघड असतं. साखर लॉबी, बिल्डर लॉबी हे शब्द आपण सर्रास छापतो. पण लॉबिंग, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवायचे प्रयत्न, करणाऱ्याने नोंदणी करावी, खर्च जाहीर करावा असा कायदा भारतात नाही. अमेरिकेत तो १९९५ पासून आहे. त्यामुळेच डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंगखर्चावरून आपल्या संसदेत गदारोळ झाला तो अमेरिकेत दाखल झालेल्या कागदांवरून! हे कागद ऑनलाइन असतात. तुमच्या भागात परदेशी कंपनी येत असेल तर तिथे एकदा नाव टाकून पाहा.

लॉबिस्टशी बोलूच नये असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांना विधेयकाचा मसुदा आपल्याआधी ठाऊक असतो. २०१० मध्ये बड्या कंपन्यांसाठी लॉबिंग करणाऱ्या नीरा राडिया यांची फोन संभाषणं बाहेर आली तेव्हा लोक बिथरले ते पत्रकार त्यांच्याशी बोलत होते म्हणून नव्हे. काही पत्रकार निरोपे झाले की काय, या शंकेने. माझा नियम साधा आहे: त्यांच्याकडून माहिती घ्यायची, त्यांचा निरोप कुणाला पोहोचवायचा नाही, आणि त्याच दिवशी विरुद्ध बाजूच्या माणसाला फोन करायचा.

वाचायला एकच गोष्ट सुचवते: पेड न्यूजवरचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवरचा, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा ७१ पानी अहवाल. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी तो २०१० मध्ये लिहिला. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या कौन्सिलने वृत्तपत्रांची नावं असलेला हा अहवाल तेव्हा बाजूला ठेवून छोटा मसुदा पुढे केला. पूर्ण अहवाल २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला.

आणि नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न न लाजता विचारा: वार्ताहराला पुरवणीसाठी जाहिरातींचं टार्गेट असतं का? ज्या साखर कारखान्याची जाहिरात तुम्ही आणलीत, त्याच्या थकलेल्या ऊसबिलांची बातमी तुम्ही कशी देणार? ‘ते नंतर बघू’ असं उत्तर आलं, तर टार्गेट आहे असं समजा.