रेल्वेचे अप्रेंटिस घडवताना या चुका टाळा

डबे दुरुस्त करणाऱ्या रेल्वे कारखान्यात मी नोकरीचा बराच काळ काढला आणि त्यातली शेवटची अकरा वर्षे अप्रेंटिसांच्या मागे फिरण्यात गेली. दरवर्षी नवी तुकडी यायची आणि दरवर्षी त्याच चुका व्हायच्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक चुका आम्हा शिकवणाऱ्यांच्या असत, ही कबुली आधीच देऊन ठेवतो.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली रेल्वे दहावी आणि आयटीआय झालेल्या मुलांना गुणवत्ता यादीवरून घेते, साधारण वर्षभर फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट अशा ट्रेडमध्ये प्रशिक्षण देते आणि शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. २०१९ च्या नियमांनुसार आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचे असतात. दुसरीकडे रेल्वेतल्या रिक्त जागा दोन लाखांच्या वर असल्याचे २०२३ मध्ये संसदेतच सांगितले गेले. एकीकडे मिस्त्री निवृत्त होत आहेत आणि दुसरीकडे पोरांच्या तुकड्या येत आहेत, तेव्हा गणित आपोआप जुळेल असे कोणालाही वाटेल. ते जुळत नाही, कारण हजेरीपटावर नाव चढल्याने कोणी फिटर होत नाही.

जो मोकळा असेल त्याच्या हाताखाली पोरगा देणे

माझ्या मते ही सर्वांत महाग चूक आहे. सकाळी तुकडी समोर उभी असते, शॉपमध्ये (कारखान्याच्या विभागात) कामाचा रेटा असतो आणि सुपरवायझर नजर फिरवून जो मिस्त्री जरा निवांत दिसेल त्याच्याकडे दोन पोरे पाठवून देतो. तो मिस्त्री निवांत का आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

एका वर्षी मी स्वतः हेच केले. ब्रेक गिअरच्या विभागात एक मिस्त्री होते. कामाला झटपट, बोलायला गोड आणि त्यांचा डबा नेहमी वेळेआधी तयार. मी एक चांगला, चुणचुणीत मुलगा त्यांच्याकडे दिला. तीन महिन्यांनी एका डब्याच्या अंतिम तपासणीत मी खाली उतरून ब्रेक हँगरच्या पिनांवर सवयीने बोट फिरवत होतो, तेव्हा एका स्प्लिट पिनचा (भोकातून घालून दोन्ही पाय वाकवायच्या खिळीचा) पाय माझ्या बोटाबरोबर निघून हातात आला. वाकवलेल्या जागी बारीक चीर होती आणि चिरीच्या आतला धातू काळा पडला होता, म्हणजे ती पिन आधी एकदा वापरलेली, सरळ केलेली आणि पुन्हा वाकवलेली होती. पुढच्या पिना बघितल्या, तर त्याच बाजूला आणखी चार तशाच.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांना पाच पिनांचे एवढे काय, असे वाटेल. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या (आयसीएफ) जुन्या पद्धतीच्या बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यात, ब्रेक लावणारा आडवा बीम हँगरवर लोंबत असतो, हँगर पिनांवर असतात आणि मोठी पिन जागेवर धरून ठेवणारी वस्तू म्हणजे ती चार आण्यांची स्प्लिट पिन. ती गेली की मोठी पिन धक्क्याधक्क्याने सरकते, आणि बीम खाली आला तर तो चाकांपुढे रुळावर पडू शकतो. खाली सेफ्टी स्ट्रॅप असतो हे खरे, पण त्याच्या भरवशावर डबा सोडायचा नसतो.

मुलाला विचारले, तर तो न घाबरता म्हणाला, "मिस्त्रींनीच शिकवलं, साहेब. नवीन पिना स्टोअरमधून यायला दोन दिवस लागतात, म्हणून जुन्याच ठोकून सरळ करायच्या." मिस्त्रींचा खण उघडला, तर आत बिस्किटाच्या डब्यात सरळ केलेल्या पिना मापानुसार लावून, वर तेल चोळून ठेवलेल्या होत्या. इतक्या निगुतीने ठेवलेला शॉर्टकट मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्या मुलावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्याने जे पाहिले ते तंतोतंत उचलले होते, आणि त्याला तिथे पाठवणारा मीच होतो.

तेव्हापासून माझ्या दोन सवयी झाल्या. काढलेली स्प्लिट पिन पक्कडीने तिथल्या तिथे तोडायची आणि तुकडे भंगाराच्या पेटीत टाकायचे, म्हणजे ती परत वापरण्याचा मोहच उरत नाही. दिवसअखेर तुकडे आणि स्टोअरमधून घेतलेल्या नव्या पिना यांचा हिशोब अप्रेंटिसनेच वहीत लिहायचा. दुसरी सवय गुरू निवडण्याची. जो मिस्त्री स्टोअरच्या खिडकीवर रोज भांडतो, माल येईपर्यंत काम अडवून धरतो आणि सुपरवायझरच्या डोक्याला ताप होतो, त्याच्याकडे मी पोरगा देतो. असा माणूस शिकवताना चिडचिड करतो हे मला मान्य आहे. पोरांनी ती वर्षभर सोसावी.

मापाच्या आधी काम हाती देणे

नवीन आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वेल्डिंग करायचे असते. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींमध्ये ठिणग्या उडताना त्याने पाहिलेल्या असतात, आणि इथे मी त्याच्या हातात कानस आणि व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) देऊन दोन आठवडे बसवतो, तेव्हा त्याचे तोंड उतरते. काही मुले घरून फोन करवतात. माझे मत त्यामुळे बदललेले नाही: ज्याला माप घेता येत नाही त्याच्या हातून झालेले प्रत्येक काम दुसऱ्याला पुन्हा तपासावे लागते, मग त्याने मनुष्यबळात भर घातली असे कसे म्हणायचे?

चाकाचे उदाहरण घ्या. जुन्या पद्धतीच्या डब्याचे नवे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि लेथवर फिरवल्यानंतर एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. "अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय?" हा प्रश्न दर तुकडीत एकजण विचारतोच. मी त्याला खडू देतो आणि शॉपच्या फरशीवर हिशोब मांडायला लावतो. चाकाचा परीघ सुमारे २.८७ मीटर, म्हणजे किलोमीटरमागे साधारण ३४८ फेरे. व्यासात एक मिलिमीटर फरक असेल तर प्रत्येक फेऱ्याला ३.१४ मिलिमीटर अंतर जास्त, म्हणजे किलोमीटरला मीटरभराहून थोडे अधिक. दोन्ही चाके एकाच ॲक्सलवर घट्ट बसवलेली, त्यामुळे एकाला पुढे जायचे आणि दुसऱ्याला मागे राहायचे हे जमत नाही. जोडी एका बाजूला सरकते आणि फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उंच कड, रुळाला घासत जातो. हा हिशोब स्वतःच्या हाताने फरशीवर लिहिलेला मुलगा पुढे माप घेताना घाई करत नाही, असा माझा अनुभव आहे.

दोन चाकांच्या आतल्या तोंडांमधले अंतर ब्रॉडगेजवर १६०० मिलिमीटर असावे लागते. त्यात वर दोन आणि खाली एक एवढीच सूट. हे माप मुले एकाच ठिकाणी घेतात आणि वहीत ऐटीत लिहितात. चाक फिरवून तीन ठिकाणी घ्या, आणि घेण्याआधी गेजची टोके व चाकाची तोंडे पुसून घ्या, कारण वाळलेल्या ग्रीसचा थरही मापात येतो. डिजिटल व्हर्नियर मी पहिले तीन महिने देत नाही. शून्य न तपासता त्याच्या पडद्यावरचा आकडा वेदवाक्य मानण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही.

जुन्या डब्यांवर शिकवून नव्या डब्यांवर पाठवणे

चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याने जुन्या पद्धतीच्या डब्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबवले आणि जर्मन बनावटीवर बेतलेले नवे एलएचबी डबे वाढत गेले. या डब्यांत चाकाच्या धावेवर दाबणारे ब्रेक ब्लॉक नसून ॲक्सलवर डिस्क असतात, शिवाय चाक घसरू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. तरीही अप्रेंटिसला वर्षभर ब्रेक ब्लॉक बदलायला लावले जाते, कारण एलएचबीच्या कामात नवख्यांची लुडबुड कोणाला नको असते. मग प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला मुलगा डिस्कच्या पॅडची जाडी कुठे मोजायची हेही सांगू शकत नाही. लातूरसारख्या ठिकाणी नवा डबे कारखाना उभा राहिला आहे, तिथे अशा मुलाला कोणी का घ्यावे? निदान शेवटचे चार महिने त्याला नव्या डब्यांवर ठेवा, आणि ते जमत नसेल तर दर आठवड्याचा एक दिवस तरी द्या.

काही चुका एकेका ओळीत

डब्याखाली कोणी काम करत असताना दोन्ही बाजूंना लाल झेंडी नसेल, तर त्या दिवशी शिकवणे बंद.

होज पाईप (डबे जोडणारी हवेची रबरी नळी) सोडवण्याआधी अँगल कॉक, म्हणजे पाईपच्या टोकाची तोटी, बंद करून आतली हवा काढलीच पाहिजे. ब्रेक पाईपमध्ये ५ आणि फीड पाईपमध्ये ६ किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) दाब असतो आणि सुटलेला होज चाबकासारखा फिरतो.

कपड्यांवरची धूळ हवेच्या पाईपने उडवू नये.

विजेच्या २५ हजार व्होल्टच्या तारेखाली डब्याच्या टपावर चढायचे असेल, तर ब्लॉक (वीज बंद केल्याची परवानगी) आणि अर्थिंग (तार जमिनीला जोडणे) स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिडीला हात लावू नये, "बंद आहे" असे कोणी कितीही सांगितले तरी.

लॉगबुक महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरू नये. एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात लिहिलेले तीस दिवस मला लांबूनच ओळखू येतात.

नोकरीचे खोटे गाजर दाखवणे

कायद्याने मालकावर नोकरी देण्याचे बंधन नाही. रेल्वेच्या लेव्हल एक (सर्वांत खालच्या श्रेणीच्या) भरतीत प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात, पण त्यासाठीही भरतीच्या परीक्षेला बसावे लागते. मार्च २०१८ मध्ये माटुंगा आणि दादरच्या दरम्यान अप्रेंटिसांनी लोकल अडवल्या त्या याच प्रश्नावर. "काम कर, इथेच लागशील" असे जे सुपरवायझर सर्रास बोलतात त्यांनी हे बोलणे थांबवावे. पहिल्याच दिवशी नियम स्पष्ट सांगितला तर काही मुले निघून जातात हे खरे. उरलेली मात्र डोळे उघडे ठेवून उरतात. त्यांना स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी संध्याकाळ मोकळी मिळेल एवढे पाहावे, आणि डब्याखाली पुस्तक दिसले तर मात्र जप्त करावे.

शेवटच्या आठवड्यात मी प्रत्येकाला पुन्हा त्याच चाकाच्या जोडीपाशी नेत असे, जिथे पहिल्या आठवड्यात त्याने मापे घेतली होती. जुना कागद मी जपून ठेवलेला असे. दोन्ही कागद शेजारी ठेवून तो स्वतःच तपासायचा, आणि मी तोवर पुढच्या तुकडीसाठी खडूचा डबा भरून ठेवायचो.