गस्तीच्या गाडीत पाहुणे म्हणून बसताना: अमेरिकेतल्या राइड-अलाँगची तयारी

अमेरिकेत अनेक शहरांचे पोलिस विभाग आणि काउंटींची शेरीफ कार्यालयं सामान्य माणसाला गस्तीच्या गाडीत, अधिकाऱ्याच्या शेजारी बसून काही तास त्याचं काम बघू देतात. हीच राइड-अलाँग. पोलिसात जायचं मनात असलेले तरुण, गुन्हेगारीशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार, ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाच्या कंट्रोल रूममध्ये नव्याने लागलेले कर्मचारी आणि नुसतंच कुतूहल असलेले रहिवासी, असे सगळे अर्ज करतात. तुम्ही गाडीत बसलात की अधिकाऱ्याच्या अंगावर आणखी एका जिवाची जबाबदारी पडते. ती त्याला जितकी कमी जाणवेल तितकी तुमची तयारी चांगली.

अर्ज

अर्ज बहुधा विभागाच्या वेबसाइटवर असतो. नसेल तर ठाण्याच्या काउंटरवर किंवा बिगर-आणीबाणीच्या क्रमांकावर विचारा. या चौकशीसाठी ९११ चुकूनही लावू नका. मंजुरीला काही दिवस लागतात, काही ठिकाणी आठवडेही, त्यामुळे कॉलेजच्या प्रकल्पासाठी जायचं असेल तर सत्राच्या शेवटी धावपळ करून उपयोग नाही. नियम विभागागणिक बदलतात. बऱ्याच ठिकाणी वयाची अट १८ असते, काही ठिकाणी पालकांच्या सहीवर त्याहून लहानांनाही घेतात. एकाच व्यक्तीला वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांतून एकदाच परवानगी देणारे विभागही पुष्कळ आहेत. सिटिझन्स पोलिस अकॅडमी म्हणून रहिवाशांसाठी काही आठवड्यांचे संध्याकाळचे वर्ग चालतात. त्यात राइड-अलाँग बहुतेकदा अंतर्भूत असते, आणि वर्गात आधी रेडिओ, कायदा, वाहतूक यांची तोंडओळख झालेली असल्याने गाडीत बसल्यावर जास्त कळतं. वेळ असेल तर हा मार्ग उत्तम.

अर्जावरून तुमची पार्श्वभूमी तपासली जाते: जुने गुन्हे, चालू खटले, निघालेली वॉरंट. आपल्या लोकांचे अर्ज अडकतात ते मात्र साध्या गोष्टींवर. पहिली म्हणजे तारीख. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर. ५ ऑगस्टला जन्मलेल्याने सवयीने ०५/०८ लिहिलं की तो ८ मे झाला, आणि नोंदी जुळत नाहीत. दुसरी म्हणजे नाव. मधलं नाव कुठे पूर्ण, कुठे आद्याक्षर, कुठे गायब असं असेल तर जे ओळखपत्र दाखवणार आहात त्यावर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. जुन्या वाहतूक दंडाने सहसा काही बिघडत नाही, तो लपवल्याने बिघडतं. पण दंड भरायचा राहून कोर्टाची तारीख चुकली असेल तर अर्जाआधी ते प्रकरण मिटवा. तारीख चुकवल्याबद्दल वॉरंट निघालेलं असू शकतं, आणि असा माणूस स्वतःच्या पायाने ठाण्यात आला तर त्याला मागच्या सीटवर बसवणं अधिकाऱ्यांना भागच पडेल.

सोबत वेव्हरवर सही करावी लागते: इजा झाली तर विभागावर दावा करणार नाही, अशा अर्थाचा हा कागद. तो वाचा. तुमचा आरोग्य विमा चालू आहे ना, तेही बघा. काही विभाग वेव्हर नोटरीकडून साक्षांकित करून मागतात. अशा वेळी घरून सही करून नेऊ नका. नोटरीला ती बहुधा समोर झालेली लागते.

कोणती शिफ्ट घ्यावी

निवड करायला मिळाली तर आधी आपल्याला काय बघायचंय ते ठरवा. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ ते मध्यरात्र साधारण सगळ्यात गजबजलेली: भांडणं, दारू पिऊन चालवलेल्या गाड्या, मोठ्या आवाजाच्या तक्रारी. आठवड्याच्या मधल्या सकाळी चोरीच्या फिर्यादी, छोटे अपघात आणि भरपूर लिखापढी. गर्दीच्या शिफ्टमध्ये अधिकाऱ्याला बोलायला फुरसत नसते, त्यामुळे कामाबद्दल खोलात विचारायचं असेल तर सकाळच बरी. भरतीचा विचार असणाऱ्याने तर कंटाळवाणी शिफ्टच बघावी, कारण नोकरीचा मोठा भाग तसाच असतो. पहिल्या वेळी अर्धी शिफ्ट, म्हणजे चार-पाच तास, पुरे होतात. पूर्ण शिफ्ट ८, १० किंवा १२ तासांची असू शकते.

कपडे आणि सामान

कॉलरचा शर्ट, पूर्ण लांबीची साधी पँट, पुढून-मागून बंद आणि तळ न घसरणारे बूट. शॉर्ट्स, चपला, फाटकी जीन्स, घोषणा छापलेले टी-शर्ट घालून आलेल्याला कित्येक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. याच्या उलट चूक हौशी मंडळी करतात: गडद निळा शर्ट, खिशांची कार्गो पँट, काळे बूट, कमरेला टॉर्च. लांबून तुम्ही पोलिस दिसलात तर ज्याला पोलिसावर राग काढायचाय तो तुम्हालाही पोलिसच समजेल. फिकट, साधे रंग घाला. ओढणी, स्कार्फ, लोंबती कानातली टाळा. दारात, बेल्टमध्ये अडकतात आणि कुणी धरून ओढूही शकतं. थंडीत एक जाड कोट घालण्यापेक्षा दोन-तीन थर घाला. बाहेरचं ऐकू यावं म्हणून बरेच अधिकारी काच थोडी खाली ठेवून गाडी चालवतात.

काही विभाग बुलेटप्रूफ व्हेस्ट देतात. तो खाली ओढून कमरेपर्यंत नेऊ नका. बसल्यावर त्याची खालची कड कमरेच्या पट्ट्याला टेकली की अख्खा व्हेस्ट वर सरकून गळ्याला काचतो. म्हणून बसून बघूनच पट्टे आवळा. मऊ व्हेस्ट पिस्तुलाच्या गोळ्यांसाठी असतो, रायफलची गोळी तो अडवत नाही. तेव्हा तो अंगावर आहे म्हणून धीट होऊ नका.

बॅग घरी ठेवा. पुढे लॅपटॉप, रेडिओ आणि बंदुकीचा रॅक यांनी जागा व्यापलेली असते, त्यात पायाशी बॅग आली की उतरताना घोळ होतो. खिशात ओळखपत्र, पूर्ण चार्ज केलेला फोन, थोडे रोख पैसे, नेहमीची औषधं आणि च्युइंगगम एवढं बस. झाकणाची पाण्याची बाटली चालते, उघडा कॉफीचा कप नको. गाडी अचानक वळते तेव्हा ती कॉफी थेट लॅपटॉपवर जाते. शस्त्र, परवाना असला तरी, बहुतेक ठिकाणी चालत नाही. खिशातला चाकू आणि मिरपूड स्प्रेसुद्धा विचारून घ्या.

निघण्याआधी हलकं जेवा. शिफ्टमध्ये जेवणाची सुट्टी नावापुरती असते, आणि ताटावरून उठावं लागणं नेहमीचंच. गाडी लागत असेल तर मळमळ थांबवणारी गोळी आधी एखाद्या दिवशी घेऊन बघा, कारण त्यातल्या काहींनी गुंगी येते. गाडीत स्क्रीनकडे बघू नका, लांब रस्त्यावर नजर ठेवा. स्वच्छतागृह दिसलं की जाऊन या, पुढचं कधी मिळेल सांगता येत नाही.

गाडी हलण्याआधी

ठाण्यावर १५ मिनिटं आधी पोचा. शिफ्टच्या सुरुवातीला सार्जंट सगळ्यांना जमवून सूचना देतो, तिथे गप्प बसून ऐका. मग तुमचा अधिकारी गाडी तपासतो: दिवे, सायरन, प्रथमोपचाराचा संच, मागची सीट. मागची सीट म्हणजे कठीण प्लास्टिकचा बाक, पुढे जाळी, आणि दारं आतून न उघडणारी. आधीच्या संशयिताने काही टाकून दिलं आहे का, म्हणून ती दर शिफ्टला बघतात.

आता त्याला हे विचारून घ्या: माझं दार आतून कसं उघडतं? प्रत्येक ठिकाणी उतरायचं की तुम्ही म्हणाल तेव्हाच? तुम्हाला काही झालं तर मी रेडिओवर कसं सांगू? शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात, आणि खरं तर महत्त्वाचा तोच आहे. चांगला अधिकारी स्वतःहून दाखवतो: माइकचं बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. दाबताक्षणी बोललात तर पहिला शब्द कापला जातो, आणि तो नेमका पत्त्याचा असतो. आधी ठिकाण, मग काय झालं. पुष्कळ रेडिओंवर आणीबाणीचं नारिंगी बटणही असतं, ते कुठे आहे बघून ठेवा. यासाठी आपण कोणत्या रस्त्यावर, कोणत्या चौकाजवळ आहोत याचं भान सतत हवं. पाटी दिसली की मनात वाचत राहा.

रेडिओवरचं सगळं कळणार नाही, त्याची चिंता नको. टेन-फोर म्हणजे कळलं, हे जवळपास सगळीकडे सारखं; बाकी आकड्यांचे अर्थ विभागागणिक बदलतात. अक्षरं सांगताना पुष्कळ पोलिस अल्फा-ब्रावो न म्हणता ॲडम, बॉय, चार्ल्स म्हणतात. तुमच्या गाडीचा क्रमांक तेवढा ओळखायला शिका. तो आला की बोलणं अर्ध्यावर तोडा.

घटनास्थळी

सीटबेल्ट कायम. अधिकारी पोचायच्या जरा आधी स्वतःचा बेल्ट काढताना दिसेल. झटकन उतरता यावं म्हणून त्याची ती सवय असते. तुम्ही त्याचं अनुकरण करू नका.

रस्त्यावर एखादी गाडी थांबवली की बरेचदा तुम्हाला आतच बसवतात. उतरायला सांगितलं तर दोन गाड्यांच्या मधल्या जागेत कधीही उभं राहू नका. मागून कुणी धडकलं तर त्या जागेचा चिमटा होतो. रहदारीपासून लांबच्या बाजूला, अधिकारी दाखवेल तिथे उभे राहा, हात खिशाबाहेर आणि रिकामे. अधिकारी आणि समोरचा माणूस यांच्या रेषेत येऊ नका, त्याच्या पाठीशी चिकटूनही उभे राहू नका. तो मागे सरकला तर तुमच्यावर आदळेल.

संशयित, पीडित, साक्षीदार यांच्याशी बोलू नका. कुणी तुम्हाला कोण म्हणून विचारलं तर निरीक्षक आहे एवढंच सांगा आणि अधिकाऱ्याकडे बोट दाखवा. आपण पोलिस आहोत असं थट्टेतही सूचित करू नका, तो गुन्हा आहे. मराठी किंवा हिंदी बोलणारं कुटुंब समोर आलं तर मध्ये पडून भाषांतर करायचा मोह आवरा. विभाग दुभाष्यांची फोन सेवा वापरतात. तुमचा एखादा शब्द चुकला तर तो जबाबात जातो आणि पुढे कोर्टात त्यावर वाद होतो. अधिकाऱ्याने स्वतःहून विचारलं तरच, आणि तेही निकडीपुरतं. ओळखीचं माणूस समोर आलं तर अधिकाऱ्याला हळूच सांगा आणि गाडीत जाऊन बसा.

घराच्या उंबरठ्यावर थांबायचं. याला कायद्याचा आधार आहे. १९९२ मध्ये मेरीलँडमध्ये अटक वॉरंट घेऊन पहाटे एका घरात शिरलेल्या पथकाबरोबर वृत्तपत्राचा बातमीदार आणि छायाचित्रकार होते. १९९९ मध्ये ‘विल्सन विरुद्ध लेन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, वॉरंट बजावण्यात ज्यांची काही मदत नाही अशा माध्यमांच्या किंवा इतर तिऱ्हाईत माणसांना घरात नेणं चौथ्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे अवाजवी झडतीपासून नागरिकांना संरक्षण देणाऱ्या तरतुदीचं, उल्लंघन आहे. म्हणून अधिकारी आत गेला तरी तुम्ही व्हरांड्यातही पुढे सरकू नका. दार उघडं आहे म्हणजे आमंत्रण आहे असं नव्हे.

गंभीर कॉल आला तर अधिकारी तुम्हाला पेट्रोल पंपावर किंवा दुकानासमोर उतरवून जाऊ शकतो. गाडीचा पाठलाग सुरू होणार असेल तर अनेक विभागांत हे बंधनकारकच आहे. हुज्जत घालू नका, दोन सेकंदांत उतरा. उजेडात थांबा, ठाण्याचा क्रमांक फोनमध्ये आधीच भरून ठेवा, आणि दुसरी गाडी येईपर्यंत तिथून हलू नका. पायी परत निघालात तर लोक तुम्हाला शोधत बसतील.

काही घटनास्थळी वास असह्य असतो, काही ठिकाणी दृश्य. गरगरायला लागलं तर लाज न बाळगता सांगा आणि बाहेर या. घटनास्थळी भोवळ येऊन पडलात तर पुरावा बिघडेल आणि ॲम्ब्युलन्स तुमच्यासाठी लागेल. कशालाही हात लावू नका, खाली पडलेला कागदसुद्धा उचलू नका.

बोलणं, स्क्रीन आणि नंतरचं

गाडीत आणि अधिकाऱ्याच्या अंगावर बहुतेकदा कॅमेरे असतात, तेव्हा तुमचंही बोलणं रेकॉर्ड होतंय असंच समजा. तुम्ही कधी कुणाला जिवे मारलंय का, हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी त्या गाडीत तुम्हाला काय खटकलं, हिला तिकीट न देता समज देऊन का सोडलं, असं विचारलंत तर खरी माहिती मिळते. तेही घटनास्थळ सोडल्यावर. आणि आज किती शांत आहे, असं म्हणू नका. पोलिसांत हा अपशकुन मानतात, आणि पुढचा वाईट कॉल तुमच्या नावावर लागतो.

लॅपटॉपवर लोकांचे पत्ते, जन्मतारखा, गुन्ह्यांच्या नोंदी उघडतात. ती माहिती पाहण्याचा अधिकार ठरावीक कर्मचाऱ्यांनाच असतो, म्हणून अधिकाऱ्याने स्क्रीन वळवली तर राग मानू नका. तिचा फोटो काढणं तर सोडाच. एकूणच फोटो, व्हिडिओ, ध्वनिमुद्रण लेखी परवानगीशिवाय नको. घरी गेल्यावरही नावं, नंबर प्लेट, घराची खूण सोशल मीडियावर टाकू नका, विशेषतः लहान मुलांची आणि पीडितांची.

टिपणं काढायची असतील तर आधी विचारा, आणि त्यात अंदाज व मतं मिसळू नका. तुमच्यासमोर घडलेल्या घटनेचे तुम्ही साक्षीदार असता. कोर्टाचं समन्स आलं तर ती वही मागवली जाऊ शकते. गेल्यावर प्रतिक्रियेचा फॉर्म दिला तर भरा. भेटवस्तू नेऊ नका, बऱ्याच विभागांत अधिकाऱ्याला ती घेता येत नाही. त्याच्या सार्जंटला चार ओळींचं पत्र पाठवा, त्यात अधिकाऱ्याचं नाव, तारीख आणि त्याने नीट हाताळलेली एखादी गोष्ट लिहा. असं पत्र बहुधा त्याच्या सेवापुस्तिकेत जोडलं जातं.