पहिल्यांदा किचन लावताय? आधी एवढंच घ्या

नवीन घर घेतलं की लोक सरळ तीस-चाळीस पीसचा सेट उचलतात आणि त्यातलं अर्धं माळ्यावर जातं, तसं करू नका प्लीज. दोघांसाठी ३ ते ५ लिटरचा कुकर बास, फक्त दुकानातच आत वरण-भाताचे डबे ठेवून झाकण लागतंय का ते बघा, कारण डबे बसले नाहीत तर रोजची चिडचिड. मग एक जाड बुडाची स्टीलची कढई, दोन पातेली, पोळपाट-लाटणं, उलथनं, झारा, सांडशी, किसणी, विळी नाहीतर चांगली सुरी आणि मिसळणाचा डबा. पुण्यात असाल तर तुळशीबागेत एका फेरीत सगळं मिळतं.

तवा मात्र लोखंडीच घ्या, मी तरी हेच सांगेन. आणल्यावर साबणाने घासून त्यावरचं मशीनचं तेल काढा, गॅसवर खडखडीत वाळवा, थोडं तेल टाकून कांद्याच्या फोडी काळ्या होईस्तोवर परता, असं तीन-चारदा. पहिल्या काही पोळ्या चिकटतील, चालतं! नंतर धुतला की लगेच पुसून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर सकाळी गंज दिसतो. टोमॅटो-चिंचेचं काही त्यात शिजवू नका, त्याला स्टीलची कढई आहेच.